विहीणबाई का रुसल्या

भाताचं शीत घशाखाली अडकलं तर ते तिथं गप्प बसत नाही. ते ओल धरतं आणि फुगतं. मग छातीच्या हाडामागे, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, एक गोळा येतो. पाठोपाठ तोंडाला पाणी सुटतं, एक शिंक येते, आणि शिंकेनंतर मोरी गाठायला फार अवधी उरत नाही. हा क्रम कधी चुकत नाही. सुनंदाबाई भोळ्यांनी तो इतक्या वर्षांत इतका नीट पाहिला होता की शिंक आली की त्या हातातलं काम खाली ठेवत आणि कुणी हाक मारल्यासारख्या शांतपणे उठत.

कारण त्यांच्या जठराला पट्टा होता. कंबरेवर नव्हे, पोटाच्या आत. पोत्याचा गळा सुतळीने आवळावा तसा जठराचा वरचा भाग आवळलेला, आणि त्याच्यावर लिंबाएवढी एक पिशवी. जेवायचं ते त्या पिशवीपुरतं.

असोद्याला माहेरी सुनंदाबाईंना 'कोठी' म्हणत, धान्याची असते तशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कडुलिंबाला झोका बांधला आणि सुनंदा बसायला आली की मुली आधी फांदीला हात जोडत आणि मग तिच्यावर गाणं रचत. सुनंदाही टाळ्या वाजवून हसायची आणि घरी जाऊन आणखी एक भाकरी खायची. लग्न झालं, दोन बाळं दगावल्यावर भिकन झाला, आणि अंग सुटलं ते सुटतच गेलं. पंच्याऐंशी साली धाकट्या भावजयीच्या बाळंतपणासाठी त्या अमेरिकेला गेल्या. भाऊ पंडित तिथल्याच एका दवाखान्यात डॉक्टर. बहिणीला जिना चढताना लागणारी धाप त्याने चार दिवस पाहिली आणि पाचव्या दिवशी नव्या ऑपरेशनची गोष्ट काढली.

ऑपरेशन होऊन सहा महिन्यांनी सुनंदाबाई जळगावला परतल्या तेव्हा स्टेशनवर गिरधरभाऊ त्यांच्या शेजारून पुढे निघून गेले होते. बायको त्यांना ओळखू आली नव्हती.

जळगावात पट्ट्याचं फक्त नवरा-बायकोला ठाऊक. बाकी कॉलनीला सुनंदाबाईंनी सांगितलं, "संध्याकाळचं जेवण सोडलं." परिणाम असा झाला की कॉलनीतल्या निम्म्या बायकांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. दोघींना चक्कर आली. एका घरचा नवरा चिडून खानावळीत जेवू लागला. महिला मंडळाने सुनंदाबाईंना हळदीकुंकवाला व्याख्यान द्यायला बोलावलं आणि त्यांनी ते दिलंही.

अकरा वर्षं झाली होती. पट्ट्याचं गणित आता त्यांच्या बोटांवर होतं. भरीत उतरतं. भाकरी ताकात कुस्करली तर उतरते. पोळी उतरत नाही. शेवभाजीचा रस्सा जातो, शेव पुरती भिजली तर तीही जाते. डाळीचे वाफवलेले फुणके मात्र कढीत कितीही बुडवा, अडकणारच. पण अलीकडे हे गणितही चुकू लागलं होतं. साधं ताक कधीकधी परत येई. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येऊन खोकला लागे, म्हणून त्या उशांच्या चवडीला टेकून बसल्याबसल्या झोपत. दातांचा वरचा थर झिजला होता. केस विंचरताना फणीतच जास्त येत.

नाशिकच्या सर्जनने दुर्बीण घालून पाहिलं होतं. "पट्टा जठराच्या भिंतीत रुतायला लागलाय," ते म्हणाले. "आता काढून घ्या. उशीर केलात तर काम अवघड होईल."

"काढला की पुन्हा जाडी होईन का?" सुनंदाबाईंनी एवढंच विचारलं.

डॉक्टर सरळ माणूस होते. "बहुतेक," ते म्हणाले.

तेव्हापासून गिरधरभाऊ विचारायचे, "नाशिकची तारीख घेऊ का व?" आणि सुनंदाबाई म्हणायच्या, "पाहू." केळीची कापणी होऊ दे, पाहू. गौरी-गणपती होऊ दे, पाहू. दोन वर्षं त्या नुसत्या पाहतच होत्या.

अशात भिकनचं धुळ्याला जमलं. मुलगी शैलजा. वडील तोताराम नारखेडे पाटबंधारे खात्यात. घराणं मूळचं जामनेरकडचं, पण धुळ्यात इतकी वर्षं काढलेलं की आजी धुरपदाबाई पक्की अहिराणी बोलायच्या. देणं-घेणं काही नाही, साधा साखरपुडा आणि मार्गशीर्षात लग्न, असं गिरधरभाऊंनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. सुनंदाबाईंना पोरगी पाहताक्षणी आवडली होती. गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची, आणि हसली की दाराआडच्या माणसालाही कळावं असं हसणारी.

साखरपुड्याला जळगावहून जीप निघाली. पारोळ्याला चहासाठी थांबले तेव्हा गिरधरभाऊ बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "मांडे आहेत म्हणे. काय करशील?"

"रस पिईन."

"आन मांडे?"

"ताटात ठेवीन."

"आग्रह करतील."

"करू दे. मी हसेन."

"हसून मांडे खपत नाहीत, भिकनची माय," गिरधरभाऊ म्हणाले आणि तिच्या बशीतला चहाही पिऊन टाकला.

तोतारामच्या अंगणात मांडव होता. मागच्या बाजूला चुलीवर उलटं खापर ठेवून दोन बायका हातावर मांडे फिरवत होत्या. परातीएवढा मांडा हातावरून खापरावर पडला की सगळ्या अंगणात पुरणाचा वास जात होता. पुरुषांची आणि बायकांची पंगत समोरासमोर बसली. मधोमध रांगोळीत चांदीच्या वाटीसकट सुनंदाबाईंचं पान.

त्या घराण्यांत एक रीत होती. विहिणीने पहिला घास घेतल्याशिवाय मुलाकडचं कुणी जेवत नाही, आणि जेवताना विहिणीचा हात थांबला तर सगळ्यांचे हात थांबतात. हात थांबला म्हणजे विहीण रुसली. रुसली म्हणजे मानपानात काहीतरी राहिलं. काय राहिलं ते मुलीकडच्यांनी विचारायचं नसतं, ओळखायचं असतं.

सुनंदाबाईंनी रसाचा घोट घेतला. पंगत सुरू झाली. त्या हसल्या, चमच्याने रस ढवळला, शेजारणीच्या बांगड्यांचं कौतुक केलं. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात शैलजाची आई लताबाई समोर येऊन बसल्या. त्यांनी मांड्याचा एक भला थोरला तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, हा एक माझ्या हातचा. नाही म्हणायचं नाही."

विहिणीच्या हातचा घास नाकारता येत नाही. सुनंदाबाईंनी आ केला.

त्यांनी तो खूप चावला. शेजारच्या पानावरचा अख्खा मांडा संपला तरी त्या चावतच होत्या. मग गिळला. गोळा आला. तोंडाला पाणी सुटलं. आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशी शिंक आली.

त्या उठल्या आणि मोरीकडे गेल्या.

परत आल्या तेव्हा तोंड पुसलेलं होतं, पण गोळा पुरता गेला नव्हता. बोलायला तोंड उघडणं धोक्याचं होतं. त्या पानावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवला.

मुलाकडच्या सगळ्यांचे हात थांबले.

"माझा घास घेतला आणि उठल्या," लताबाई कुजबुजल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

खांबाला टेकून बसलेल्या धुरपदाबाईंनी निवाडा दिला. "विहीनबाई रुसनी वाटस."

"नाही नाही," गिरधरभाऊ घाईने म्हणाले. "जेवा तुम्ही सगळे. तिले सवयच आहे."

"सवय?" पंगतीतून कुणीतरी विचारलं. "रुसायची?"

खसखस पिकली. सांगू का, अशा नजरेने गिरधरभाऊंनी बायकोकडे पाहिलं. तिने बारीक मान हलवली, अजून नाही. आतून एक साडी आली. सुनंदाबाईंनी नको म्हणून हात हलवला. साडी आत गेली आणि दुसरी, जास्त जरीची, आली. त्यांनी दोन्ही हात हलवले.

"मामाची टोपी राहिली का?" तोतारामांनी विचारलं. रीत सोडून ते उघडच विचारत होते, इतके ते घाबरले होते.

आता उखर्डूआबांना राहवेना. हे गिरधरभाऊंचे चुलते. जमलेलं लग्न मोडता मोडता आपण वाचवलं, असं सांगता आलं नाही तर त्यांना लग्नाला गेल्यासारखं वाटत नसे. "टोपीनं काय होतं, तोतारामभाऊ?" त्यांनी खाकरून घसा साफ केला. "आमची सून मनातलं बोलत नाही. पण पोराले कामावर जायले सायकल आहे. स्कूटर असती तर…"

"आबा!" भिकन ओरडला.

"मी कुठं मागतो? मी ओळखतो आहे."

तोताराम खाली पाहत होते. खापराजवळच्या बायकांनीही हात थांबवले. "ठीक आहे," तोताराम हळूच म्हणाले. "लग्नापर्यंत काहीतरी करू."

सुनंदाबाईंची नजर दाराकडे गेली. तिथं शैलजा उभी होती. हिरवी साडी, हातात तुपाची वाटी. त्या हसऱ्या तोंडावर आता काहीच नव्हतं. ती आपल्या बापाकडे पाहत होती आणि मग तिने सुनंदाबाईंकडे पाहिलं. झोक्यावरच्या मुली कोठीकडे बघत तसं नव्हे. स्कूटर मागणाऱ्या सासूकडे बघतात तसं.

गोळा उतरला.

"मी रुसले नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मला स्कूटर नको, साडी नको. आबा, तुम्ही जेवा मुकाट्यानं. मला जेवताच येत नाही. माझ्या पोटात पट्टा आहे."

"पट्टा?" धुरपदाबाईंनी कानाला हात लावला. "कंबरना?"

"जठराचा, अक्का. अमेरिकेत बसवला. वजन कमी करायला." आणि त्यांनी पदराचा सोगा मुठीत धरून, वरून आवळून, पिशवी कशी होते ते सगळ्या पंगतीला दाखवलं. "एवढं मावतं. त्यात लताबाईंचा घास मावला नाही. घासाची चूक नाही, पट्ट्याची आहे."

मग जळगावहून आलेली शेजारीण पंगतीतून उठूनच उभी राहिली. "म्हणजे ते संध्याकाळचं जेवण सोडलं ते?"

"खोटं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"अहो, मी चार वर्षं उपाशी झोपते आहे!"

मांडव हसला. तोताराम हसले, आणि ते हसले म्हणून लताबाईही डोळे पुसत हसल्या. उखर्डूआबांनी कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने मांडा तोंडात घातला.

धुरपदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "आमनी पोर बी," त्या दाराकडे हात करून म्हणाल्या, "तुमनं आयकीसन रातले जेवत नही. साखरपुडा ठरना तवयपाईन. कालदिन चक्कर ईसन पडनी."

शैलजाने मान खाली घातली. "रात्रीचं सोडून तुम्ही बारीक झालात असं ऐकलं. तुम्हाला आवडावं म्हणून," ती पुटपुटली.

सुनंदाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. ही पोरगी पहिल्या दिवशी आपल्याला का आवडली होती, हे त्यांना स्वच्छ ठाऊक होतं. ती जशी होती तशी खिदळत होती, म्हणून.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "बस माझ्याजवळ. माझं पान तुझं. तो मांडा संपव आधी."

शैलजा बसली. आधी लाजत, मग नीट, पोटातून भूक लागलेल्या माणसासारखी जेवू लागली. मुलाकडचे हात पुन्हा चालू झाले.

"आनि तो पट्टा?" धुरपदाबाईंचं समाधान झालं नव्हतं. "इतला तरास देस, तं काढी का नही टाकतस?"

"काढला तर पुन्हा जाडी होईन, अक्का."

"मंग?" आपल्या ऐसपैस मांडीवर हात मारून धुरपदाबाई म्हणाल्या. "माले काय व्हयनं?"

सुनंदाबाईंना हसू आलं, आणि हसताना आंबट पाणी घशाशी आलं. त्यांनी ते गिळलं. असं किती वर्षं गिळायचं, असं त्यांच्या मनात आलं. समोरच्या ओळीत गिरधरभाऊ मांडा हातात तसाच धरून त्यांच्याकडे बघत होते. ते दोन वर्षं विचारायचे तेच विचारणार होते, पण चारचौघांत विचारावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

सुनंदाबाईंनीच त्यांना सोडवलं.

"अहो," त्या पंगतीच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाशिकची तारीख घ्या. लग्नाच्या आत मी पट्टा काढून घेणार."