मास्तरांचा ट्रे

“पाच म्हणजे आजच पाच?” नवऱ्याने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

“आजच.”

“मग तुला वाटेल ते कर.”

प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात उभ्या उभ्या तिने फोन बंद केला. सतरा वर्षांच्या संसारात कुठल्याही मोठ्या प्रश्नाला या माणसाने दुसरं उत्तर दिलं नव्हतं, आणि पंचाईत अशी की तो ते अगदी मनापासून द्यायचा. भांडायलाही जागा नाही.

विद्यापीठाने तिला पदव्युत्तर वर्गात प्रवेश देऊ केला होता, तोही इतर विद्यापीठांच्या निकालांच्या तीन महिने आधी. हो की नाही ते आज पाचच्या आत कळवायचं आणि हो म्हटलं तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं. अर्ज आणखी दोन ठिकाणी केले होते. तिथले वर्ग सहा महिन्यांनी सुरू होणार होते, म्हणजे तिला सोयीचे. पण एकोणचाळीस वर्षांच्या बाईला तिथे कोण विचारतंय, हे तीही ओळखून होती. हातातली जागा सोडली की शिक्षण संपलं. सोडली नाही, तर मास्तर संपले.

मास्तर म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. मायक्रोस्कोपला डोळा कसा लावायचा इथपासून तिला सगळं त्यांनीच शिकवलेलं. स्लाइडवरच्या शंभर जागा पाहिल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असं लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. नव्याण्णव पाहून कुणी उठलं तर ते पुन्हा बसवायचे. अजूनही ते शंभर जागा इमानाने पाहत. फक्त सात महिन्यांपासून त्यांना त्या नीट दिसत नव्हत्या.

हे माहीत होतं ते फक्त तिला एकटीला. एकदा मास्तरांनी बाजूला ठेवलेली स्लाइड तिने सहज लावली, तर मलेरियाचे जंतू ढळढळीत समोर. त्या दिवसापासून रोज चार वाजता मास्तर घरी गेले की ती त्यांचा ट्रे आपल्या टेबलावर ओढायची आणि सगळ्या स्लाइड पुन्हा वाचायची. आठवड्याला दोन-तीन चुका सापडत. त्या ती रजिस्टरमध्ये दुरुस्त करायची, तेही मास्तरांच्या वळणाच्या अक्षरात. रिपोर्ट पाचला वर वॉर्डात जात, त्यामुळे सगळं बिनबोभाट चाललं होतं. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, घरी गेल्यावर कुणाशी धड बोलवत नसे. निवृत्तीला पाचच महिने उरलेत, तेवढे रेटू, असं ती स्वतःला रोज बजावायची.

ती आत आली तेव्हा मास्तर हात पुसत होते. “अगं, कुठे होतीस? वॉर्डातून घाई करत होते. त्या तापाच्या बाईचा रिपोर्ट मीच वर पाठवून दिला.”

“कधी?”

“झाला अर्धा तास.”

मास्तर समोरच होते, पण आता थांबून चालणार नव्हतं. तिने ट्रेमधून ती स्लाइड काढली आणि लावली. चौथ्याच जागेवर जंतू दिसले. पाचव्या जागेवरही होते. तिने वॉर्डात फोन लावला.

“सिस्टर, मघाचा तो तापाचा रिपोर्ट चुकलाय. बाईंना सोडू नका.”

“अहो, त्या पिशवी भरून रिक्षाची वाट बघताहेत.”

“मग रिक्षा परत पाठवा. मलेरिया आहे. मी दुसरा रिपोर्ट घेऊन येते.”

तिने फोन ठेवला. वळून बघायची तिची छाती होत नव्हती.

“माझी ना ती स्लाइड?” मास्तरांनी मागून विचारलं.

“हो.”

“सरक जरा.”

ते तिच्या खुर्चीत बसले. बराच वेळ ते मायक्रोस्कोपचं चक्र पुढे-मागे फिरवत राहिले. तिने सगळं नेमकं जुळवून ठेवलं होतं, फिरवण्यासारखं काही नव्हतं. शेवटी त्यांनी भिंगावरून डोळा काढला.

“मला तर स्वच्छ दिसतेय, एकही जंतू नाही,” ते म्हणाले. “पहिलीच वेळ?”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण त्यालाही अंगात त्राण लागतं.

“सात महिने झाले. तुम्ही गेलात की मी बघते.”

“आणि रजिस्टरमध्ये?”

“मीच लिहिते. तुमच्यासारखं.”

मास्तर हसल्यासारखं करून म्हणाले, “मध्ये मला शंका आली होती, बरं का. म्हणून मी महिन्याच्या शेवटी रजिस्टर भिंगाखाली धरून बघायचो. सापडलेल्या जंतूंचा आकडा दर महिन्याला होता तेवढाच. म्हटलं, म्हातारपणाचे भास असतील, नजर ठीक आहे. डॉक्टरकडे गेलोच नाही मग.”

हे मात्र तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. मास्तरांची अब्रू झाकतेय, या समाधानात ती सात महिने राबली होती, आणि त्यांना त्यांच्याच डोळ्यांची खबर लागू दिली नव्हती.

“मला सांगायचंस गं,” मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ते उठले. “विद्यापीठाला काय कळवलंस?”

“अजून काही नाही.”

“माझ्यासाठी थांबली होतीस?”

तिने रिपोर्टचा कोरा कागद पुढे ओढला.

“मोठ्या साहेबांकडे मी जातो. तू येऊ नकोस. आधी तो रिपोर्ट वर दे आणि मग ते कळवून टाक.”

पाचला वीस मिनिटं कमी असताना तिने हो कळवलं. आनंद होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. खांद्यांवरचं ओझं तेवढं उतरलं, आणि उतरल्याचं बरं वाटलं याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी तिला बोलावून जे सुनावायचं ते सुनावलं. तिने खाली मान घालून ऐकलं. मास्तरांनी रजा घ्यावी असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्यांनी नमुने घेण्याची खिडकी मागून घेतली. नाव विचारायचं, मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहायचं, बाटलीला चिकटवायचं. उजव्या डोळ्याचं आता फारसं काही होणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वेळेवर आला असतात तर, असंही म्हणाले होते. हे तिला मास्तरांनी नाही, दुसऱ्याच कुणी सांगितलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी प्रवेशासाठी तिला स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट लागला. खिडकीवर रांग होती. सगळ्यांसारखी तीही रांगेत उभी राहिली. मागे कुणीतरी खोकत होतं. तिचा नंबर आला तेव्हा मास्तरांनी मान वर करून थेट तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अगदी हातभर अंतरावरून.

“नाव जरा मोठ्यानं सांगा, बाई,” ते म्हणाले.

तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं.

मास्तरांची लेखणी थबकली. मग त्यांनी ते नाव सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं आणि बाटलीची कड अंगठ्याने चाचपून चिठ्ठी सरळ चिकटवली.

“बस त्या बाकावर,” ते म्हणाले. “आणि रिपोर्ट नीट वाचून घे.”