टाकलेलं नाव

आमच्या क्षयाच्या दवाखान्यासाठी देणगीदारांना अर्ज लिहिणं हे माझं काम. जावातल्या क्लातेन गावच्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात या लास्त्रीइतकं रडवणारं कोणी लिहीत नाही, असं साहेब चारचौघांत सांगत आणि मी फुशारून जाई. नियम एकच होता: पेशंटचं खरं नाव छापायचं नाही.

जुमी या आमच्या छोट्या पेशंटची गोष्ट लिहायला घेतली, तेव्हा तिच्या फायलीत जन्माचा दाखला सापडला. त्यावर नाव होतं रत्नानिंग्रुम. लहानपणी ती सारखी आजारी पडायची. नाव जड आहे, पोरीला पेलवत नाही, असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं, म्हणून लाल-पांढरी खीर शिजवून नाव बदलून जुमी ठेवलेलं. मी म्हटलं, झकास! हे नाव आता कोणी घेत नाही, म्हणजे कोणी ओळखणार नाही, शिवाय कानाला गोड. टाकलेल्या नावाला हात लावू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी पडले शहरात शिकलेली शहाणी.

शहाणपणा तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. जुमी औषधांनी ठणठणीत बरी झाली होती. पण बरी झालेली मुलगी कोणाचं काळीज हलवते? शेवटच्या ओळीत मी तिला मारून टाकलं. निधी मंजूर झाला, त्याच गोष्टीची पुस्तिका छापून सगळ्या देणगीदारांकडे गेली.

मग वरून फर्मान आलं, जिची गोष्ट तिच्या घरी वाचून दाखवा आणि संमतीचा अंगठा घ्या. शेवट गाळून वाचायचा, असं मी ठरवलं.

दुपारी गेले तेव्हा जुमीची आई, बू सुमिराह, ओसरीवर बसून टेम्पेच्या वड्यांसाठी भिजवलेलं सोयाबीन केळीच्या पानांत बांधत होती.

"या म्बाक, बसा ताई. आमच्या कार्टीला पुस्तकात घातलंत म्हणे! आता नुसती भाव खाणार ती."

मी हसून वाचायला लागले. "रत्नानिंग्रुम सात वर्षांची..."

"ओ!" आतून आवाज आला.

सुमिराहचे हात थांबले. "जुमे, काय गं?"

"तू हाक मारलीस ना, आई?"

सुमिराह माझ्याकडे वळली. "हे नाव तिला ठाऊकच नाही. घरात आम्ही तोंडातून काढत नाही. कुठून आणलंत, म्बाक?"

मी दाखल्याचं सांगितलं.

"अकरा घरी खीर वाटून घालवलं होतं त्याला. तुम्ही परत बोलावलंत, होय? वाचा पुढे. काय होतं तिचं?"

"बरी होते," मी म्हणाले.

एवढ्यात जुमी बाहेर आली आणि तिने पुस्तिका माझ्या हातातून ओढून घेतली. नुकतीच वाचायला शिकलेली पोर, बोट थेट शेवटच्या ओळीवर ठेवलं. "औषध... पोचलं... तेव्हा... रत्नानिंग्रुम... गेली होती." तिने वर पाहिलं. "आई, ही मेली."

"ती तू नव्हेस."

"मग ओ मी का दिली?"

मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि इतकी लाजही. तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. "सगळ्यांना कळवा, मुलगी जिवंत आहे. मी खोटं लिहिलं."

"अगं बाई, निधी हातचा जाईल! बाकीच्या पेशंटचं काय?"

"माहीत नाही. पण कळवा."

सुमिराहने जुमीला मांडीवर ओढून घेतलं होतं. "मोठ्याने सांगा, म्बाक. तिचं नाव घेऊन सांगा."

"जुमी जिवंत आहे!" मी ओरडले. "जुमी जिवंत आहे! जुमी!"

जुमी अंगणाकडे बघत राहिली. सुमिराह तिची हनुवटी धरून हलवत होती. "ओ दे ना गं, जुमे. ओ दे."