पांढऱ्या डागांची चेटकीण

मी पेडण्याच्या वाचनालयातली एक जाडजूड कादंबरी बोलतेय. मुलांसाठी लिहिलेली. पाताळातलं राज्य, उडते घोडे, बोलणारी झाडं, सगळं माझ्यात आहे. चारशे पानांची असूनही मी कपाटात फार दिवस कधी राहिले नाही. आज मात्र मन थाऱ्यावर नाही, म्हणून बोलतेय.

वाचनालयाच्या कमलाक्षीबाईंनी मला सेजलच्या हाती दिलं, तेव्हा ती सहावीत होती. डोळ्यांभोवती आणि ओठांवर कोडाचे पांढरे डाग. वर्गात ती मागच्या बाकावर गप्प बसायची, मराठी वाचताना अडखळायची. मला मात्र तिनं आठ दिवसांत संपवलं. मग पुन्हा नेलं, पुन्हा नेलं. हळूहळू तिची जीभ सुटली. मधल्या सुट्टीत ती मुलींना माझी गोष्ट सांगू लागली. घोडा उडाला की तिचे हातही उडायचे. तिची मैत्रीण समीक्षा विचारायची, "मगे काय झाला गो?" घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही.

पण एक पान ती कधीच सांगायची नाही. एकशे बारावं. तिथे माझी चेटकीण येते. तोंडभर पांढरे डाग, बघताच कळावं की ही दुष्ट! सेजल ते पान भराभर उलटायची. माझा नायक गोरा, देखणा. वाईट माणसं तेवढी कुबडी, लंगडी, डागाळलेली. झाडांना बोलायला लावणाऱ्या माझ्या लेखकाला इथे मात्र वेगळं काही सुचलं नाही.

गोष्ट आवडली म्हणून समीक्षानं मला घरी नेलं. दोन दिवसांनी तिनं वर्गात नेमकं ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं, हसत हसत. दुसऱ्या दिवशी सेजल दारात दिसताच कुणीतरी ओरडलं, "चेटकीण इली रे!"

सेजल शाळेत जाईना. आठवड्याभरानं ती वाचनालयात आली.

"बाई, ह्या पुस्तक माका खूप आवडता. पण वाईट माणूस ओळखूक डागच कित्याक लागतत?"

बाईंनी उभ्या उभ्याच ते पान वाचलं. "मी दोनदा वाचलंय गो ह्या. माझ्या ध्यानातच इला नाय."

बाई शाळेत जाऊन मुलांशी बोलल्या. समीक्षा सेजलच्या घरी जाऊन रडली. सेजल आता शाळेत जाते, पण गोष्ट सांगत नाही. मुली आग्रह करतात, ती खिडकीबाहेर बघत राहते.

मला टाकून द्या, असं मी म्हणत नाही. तिला बोलतं मीच केलं होतं. पण मुलांच्या हाती देण्याआधी मला एकदा नीट वाचा. त्या पानाशी मुलांबरोबर थांबा, सेजलनं विचारलं ते त्यांनाही विचारू द्या. उद्या कुणीतरी मला घरी नेईल आणि चेटकीण पुन्हा त्याच चेहऱ्यानं येईल. माझ्यातला एक शब्दसुद्धा मला खोडता येत नाही.