गुरुवारची सिरियल

पडद्यावरच्या नवऱ्यानं बायकोला दंडाला धरून भिंतीशी उभं केलं आणि ओरडून विचारलं, तू त्याच्याबरोबर का गेलीस. ग्रामपंचायतीच्या ओसरीत दाटीवाटीनं बसलेलं गाव एकदम गप्प झालं. तेवढ्यात काचेवर मुंग्या आल्या. छपरावरच्या माणसानं अँटेना फिरवला, चित्र परत आलं, तेव्हाही नवरा तेच विचारत होता. बायकांच्या बाजूला पुढं बसलेल्या दोघी-तिघींनी मान वळवून मागं पाहिलं. मागं खांबाला टेकून वच्छला बसली होती.

तिनं मान खाली घातली नाही. डोळ्यांची पापणी न हलवता ती टीव्हीकडे बघत राहिली.

टीव्ही गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. सावली गावाच्या पलीकडच्या त्या धानपट्टीतल्या गावात तोवर पंचायतीची ओसरी संध्याकाळी ओस पडलेली असायची. आता दर गुरुवारी लोक दिवेलागणीलाच बसायला बोऱ्या घेऊन जागा धरत. सिरियल हिंदीत होती, पण गोष्ट सगळ्यांना कळत होती. शहरातल्या एका कारकुनाची बायको त्याच्याच दोस्ताबरोबर निघून जाते, दोस्त तिला टाकून देतो आणि ती परत नवऱ्याच्या दारात येते. पहिले काही गुरुवार गावानं ती परक्याची गोष्ट म्हणून पाहिली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि त्यानंतर लोक पडद्याकडे एकदा आणि वच्छलाकडे दोनदा पाहू लागले.

ती गोष्ट जुनी होती. दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदाराचा बिरजू नावाचा मुनशी गावात उतरला होता. गोड बोलणारा, धुतलेले कपडे घालणारा. हंगाम संपला तशी वच्छला त्याच्याबरोबर तुमसरकडे निघून गेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा लहानू ढिवर, तलावावर जाळं टाकणारा, दिवसाला चार शब्द बोलला तर खूप. धान कापणीला आलं तेव्हा ती एकटीच परत आली. अंगणात लहानू जाळं शिवत बसला होता. सासू ठमाबाई तिला पाहून किंचाळायला लागली. लहानू उठला, पायांवर घ्यायला लोटाभर पाणी आणून ठेवलं आणि म्हणाला, "माय, तिले जेवाले दे."

तेवढंच. जातीच्या बैठकीत त्यानं हात जोडून सगळी चूक आपल्या अंगावर घेतली. घरी येऊन जाळं पुढं ओढलं. त्यानंतर ठमाबाई वारली, घराच्या छपरावरचे कवेलू दोनदा फेरले गेले, पण तू का गेली होतीस, तिथं काय झालं, परत का आलीस, यातला एक शब्द त्यानं तोंडातून काढला नाही. पहिल्या वर्षी वच्छलाला ती त्याची माया वाटली. पुढं पुढं तिला ती शिक्षा वाटायला लागली. घरात लेकरू आलं नाही. दोघं जेवत, तलावावर जात, ती मासळी घेऊन बाजारात बसे. मधली ती जागा दोघंही वळसा घालून ओलांडत.

बाजारात शेजारी बसणाऱ्या नीलाबाईनं तिला समजावलं. ती मनानं वाईट नव्हती. म्हणाली, "तू नोको येत जाऊ वं. लोकं टीवी कमी अन् तुलेच जास्त पाह्यतेत."

"पाहू दे," वच्छला म्हणाली.

नीलाबाईला कसं सांगणार, की त्या पडद्यावरच्या बाईचा आपल्याला हेवा वाटतो म्हणून. तिला कोणी विचारत तरी होतं.

पुढच्या गुरुवारी त्या नवऱ्यानं बायकोच्या तोंडावर दार लावून घेतलं. पुरुषांच्या बाजूनं म्हातारा मनसाराम मोठ्यानं म्हणाला, "याले म्हंते मरद." काही जण हसले. कोपऱ्यात बसलेला लहानू उठला आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकत निघून गेला. वच्छला मात्र शेवटपर्यंत बसली.

सकाळी तलावाच्या पाळीवर दोघं जाळ्यातली मासळी काढत होते. लहानू खाली बघूनच म्हणाला, "आता टीवी पाहाले जाऊ नोको."

"काऊन?"

"लोकं हासतेत."

"मले हासतेत का तुमाले?"

तो जाळ्यात अडकलेली मरळ सोडवत राहिला. वच्छलाचे हात थांबले होते.

"तुमी मले कधी इचारलं नाई," ती म्हणाली.

"काय इचारू?"

"थो टीवीतला मानूस इचारते, ते."

मरळ सुटून त्याच्या हातात आली. मग लहानू हळूच म्हणाला, "इचारलं असतं, अन् तू सांगितलं असतं, त मले तुले घरात ठेवता नसतं आलं. म्हून नाई इचारलं."

वच्छला त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्याला ती शिक्षा समजत होती, ते या माणसानं तिच्यासाठी धरून ठेवलेलं दार होतं. इथंच थांबता आलं असतं. पण जे इतकी वर्षं छातीत दाबून ठेवलं होतं, ते आता परत आत जाईना.

तिनं सांगितलं. ती गेली तेव्हा तिला दिवस गेलेले होते आणि तिलाच ते ठाऊक नव्हतं. तुमसरला गेल्यावर कळलं. मुनशीनंही दिवसांचा हिशेब ताडला. त्या दिवसापासून तो तिच्याशी धड बोलला नाही, आणि एका सकाळी कामावर जातो म्हणून गेला तो आलाच नाही. सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली. लेकरू संध्याकाळी जन्मलं आणि उजाडायच्या आत गेलं. शेजारच्या एका बाईनं आणि तिनं मिळून वैनगंगेच्या काठी माती दिली. मग ती घराकडे निघाली. दुसरं कुठं जाणार होती?

"तुमी माना का नोको मानू," ती म्हणाली, "तुमचंच होतं."

लहानूच्या हातातली मरळ निसटून चिखलात पडली. त्यानं ती उचलली नाही.

"पोरगा होता का पोरगी?"

"पोरगी."

तो उठला आणि डोंगा ढकलून पाण्यात गेला. वच्छलानं एकटीनं टोपली भरली आणि बाजाराची वाट धरली.

त्यानंतर तो तलावावर गेला नाही. दारात बसून राहायचा. ताटातलं जेवण तसंच राहायचं. आता हा आपल्याला बाहेर काढणार, असं वच्छलाला वाटलं. तिनं आपलं दुसरं लुगडं आणि कंगवा एका फडक्यात बांधूनही ठेवला. टीव्हीवरच्या बाईसारखं रडायचं, हात जोडायचे, हे तिच्या मनात आलं नाही. सांगून टाकल्याचा पस्तावाही होत नव्हता. फक्त त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

गुरुवार आला. सिरियलचा तो शेवटचा भाग होता. दुपारपासूनच पोरं पंचायतीसमोर जागा धरायला लागली. लहानूनं धुतलेला सदरा अंगात घातला आणि दारातून म्हणाला, "चाल."

तिला वाटलं, चारचौघांत नेऊन काही बोलणार. तरी ती मागोमाग निघाली. तो पंचायतीकडे न वळता सडकेकडे वळला. वाटेत बोरी काखेत घेऊन येणारी नीलाबाई भेटली. आज शेवट आणि तुम्ही उलटे कुठं निघालात, असं तिनं विचारलं. लहानू म्हणाला, "काम हाये."

एसटीत तो पुढं बसला, ती मागं. वैनगंगेच्या पुलाशी तो उतरला, म्हणून तीही उतरली. थंडी सरत आली होती. नदीचं पाणी आटून मधल्या धारेला लागलं होतं आणि दोन्ही बाजूंना रेती उघडी पडली होती. दोघं रेतीतून चालत पाण्यापर्यंत गेले.

"तुमसर नदीच्या वरतंच हाये नं?" त्यानं विचारलं.

"हव. वरतंच."

"हेच पानी."

"हेच."

तो पाण्याकडे बघत उभा राहिला. मग तिच्याकडे न वळता म्हणाला, "नाव ठेवलं होतं का?"

"नाई. येळच नाई भेटला."

त्यानं चपला काढल्या आणि सदऱ्यासकट पाण्यात उतरला. लहानपणापासून पाण्यात वाढलेला माणूस, पण त्या दिवशी खोलीचा अंदाज नसल्यासारखा चाचपत गेला. कमरेइतक्या पाण्यात जाऊन थांबला. त्यानं ओंजळ भरली नाही की हात जोडले नाहीत. तिच्याकडे पाठ करून, वरून येणाऱ्या धारेकडे तोंड करून नुसता उभा राहिला.

ऊन उतरलं. गावात आता सिरियल सुरू झाली असेल, हे वच्छलाच्या मनात येऊन गेलं. त्या बाईचं शेवटी काय करतात, हे जाणून घ्यावंसं तिला वाटलं नाही.

पुलावर परतीची गाडी थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली.

"अवो," तिनं हाक मारली.

तो वळला नाही. तिनं पुन्हा हाक मारली नाही. पाणी त्याच्या चपलांना लागत होतं. तिनं त्या उचलून जरा वर, कोरड्या रेतीत ठेवल्या आणि त्यांच्याजवळ बसून राहिली.