नांग्या भरल्या

घाई माझीच होती, आधीच सांगून टाकते. मखमलाबादच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या चोंदल्या आणि कोबीनं माना टाकल्या. दुकानदारानं बजावलं होतं, आज ॲसिड सोडा, नळ्या चांगल्या धुवा, ब्लीचिंग पावडर दुसऱ्या दिवशी. मी म्हणलं, "दोन दिवस कशाला घालवता? एकाच टाकीत उरका की! परवा पंचवटीत माल न्यायचा हाय." आमचे मालक सावळीराम चाळीस वर्षं माझं ऐकत आलेले. ओतलं. टाकीतून हिरवट धूर उठला नि ते खोकत खालीच बसले.

दवाखान्यात तोंडावर मास्क चढला. माझ्या मनात एकच, माणूस वाचतो का नाय? आणि गेला तर मीच मारला. पोराला, सुनीलला, हे सांगायची हिंमत झाली नाय.

चौथ्या दिवशी सविता डॉक्टरांवर मीच खेकसले, "नुसती हवाच देताय, औषध कुठंय?" बाई शांत. म्हणाल्या, "मावशी, फुप्फुसात हवेचे बारीक फुगे असतात. त्यांचं आतलं अस्तर पातळ, चपट्या पेशींचं. ते धुरानं जळलं. पण कोपऱ्यात काही जाडसर पेशी टिकून असतात. त्या आता वाढतात, उघड्या जागेवर पसरतात, चपट्या होऊन नवं अस्तर धरतात. ऑक्सिजननं आपण त्यांना वेळ मिळवून देतोय. जागा भरली नाही, तर व्रण धरून फुप्फुस कडक होतं."

"म्हणजे नांग्या भरायच्या! रोप मेलं तिथं दुसरं लावायचं."

"अगदी तसंच," त्या हसल्या.

अगं बाई! ज्या माणसाला मी जन्मभर 'उठा, हला' म्हणून टोचलं, त्याचं अंग आतून एवढं राबत होतं. लाज सोडून त्यांच्या छातीवर हात ठेवला नि म्हणलं, "राबा गं बायांनो, तुमचे लय उपकार होतील." शेजारचा पेशंट बघत राहिला. बघू दे.

रोज ऑक्सिजन थोडा थोडा कमी झाला. बाराव्या दिवशी मास्क निघाला. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, दोन्ही एकत्र टाकायला सांगितलं कुणी?"

सुनील समोरच उभा होता.

मालकांनी श्वास घेतला. पुरता, खोकल्याशिवाय. म्हणाले, "कुणी नाय. माझंच डोकं फिरलं होतं."

"खोटं बोलतात!" मी ओरडले. "मी सांगितलं, डॉक्टर. मी!" आणि रडायलाच लागले.

त्यांनी माझा हात दाबला. बारा दिवसांनी पुरता श्वास मिळाला, तर देवमाणसानं तो मला झाकायला वापरला.