मी 'दाऊ', म्हणजे साधा 'तू'

मी 'दाऊ' बोलतोय. जुन्या इंग्रजीतला शब्द आहे मी. अर्थ विचाराल तर एका अक्षराचा: तू.

माझ्या तरुणपणी माझा काही थाट नव्हता. आई लेकराशी बोलायची ती मला घेऊन. मित्र भांडायचे तेही मला घेऊनच, आणि देवापुढे गाऱ्हाणं घालायलाही मीच. समोर चार माणसं असली, की माझा चुलतभाऊ 'यू' पुढे व्हायचा.

मग राजेरजवाड्यांना एकटे असूनही अनेकवचन हवंसं वाटू लागलं. त्यांचं पाहून सरदारांना, सरदारांचं पाहून दुकानदारांना! उगाच कुणाला अरे-तुरे केलं तर राग यायचा, या धास्तीनं लोक सरसकट 'यू' म्हणू लागले आणि मी घराबाहेर पडलो. प्रार्थना आणि कवितांनी तेवढा आसरा दिला. तिथं राहून राहून लोकांना वाटायला लागलं, हा कुणी फार भारदस्त शब्द असणार. आता हसावं की रडावं?

मध्यंतरी एका हौशी नाटकमंडळीच्या तालमीत गेलो होतो. नाटक जुनं, इंग्रजी. बापाचं काम करणारे सुतारकाका छाती फुगवून माझा गडगडाट करायचे. लेकीच्या कामात त्यांची खरी लेक. तीही सुतारच. तिनं काकांच्या कारखान्यासमोरच स्वतःचं दुकान थाटलं होतं, आणि तेव्हापासून काका तिला अहो-जाहो करत होते.

"तुमचं काय बाई, तुम्ही मालकीणबाई!"

ती हसण्यावारी न्यायची, पण मान खाली जायची.

प्रयोग तोंडावर आला, तरी बाप लेकीला जवळ घेतो तो प्रसंग काही केल्या जमेना. शेवटी दिग्दर्शिका वैतागली.

"काका, दवंडी पिटताय का? अहो, 'दाऊ' म्हणजे आपलं साधं 'तू'. घरातलं."

"तू?"

"हो. आपल्या माणसाला म्हणतो ते."

काकांनी फुगवलेली छाती सैल सोडली. मग लेकीकडे बघून त्यांनी मला इतकं हळू उच्चारलं, की मलाच मी नवा वाटलो. लेक पुढचं वाक्य विसरली.

"अगं, बोल की," काका म्हणाले. "तू तर पाठांतरात पक्की."

"बाबा, मला तू म्हणालात?"

"मग काय म्हणू? आणि तो मोठा रंधा घेऊन जा उद्या. माझ्याकडे नुसता पडून असतो."

"पडून कुठला? रोज तर वापरता."

"वाद घालू नकोस!"

ती रडता रडता खो खो हसत सुटली.

प्रयोगात काका दोन वाक्यं साफ गाळून बसले, पण टाळ्या त्याच प्रसंगाला पडल्या.

आता मी पुन्हा कपाटातल्या पुस्तकात आहे. मला रोजच्या बोलण्यात परत घ्या, असा हट्ट नाही. वय झालं माझं. फक्त कधी भेटलो तर आवाज चढवू नका. जरा जवळ सरका, आणि मग म्हणा.