मोठीआईचा चेहरा

खापा गावच्या मार्तंडरावांच्या अंगणात सकाळपासून नुसती धांदल होती. वैदेहीची हळद होती ना! मांडवात पाट मांडला होता, बायका वाट्यांमध्ये हळद कालवत होत्या आणि गाणं कुणी सुरू करायचं यावरून त्यांची जुंपली होती.

"तूच म्हण वं कामिनी. तुया आवाज आयकून नवरदेव अर्ध्या रस्त्यातून वापस जाईन."

"जाऊ दे ना. दुसरा पाहू."

हे सगळं हसणं मागच्या खोलीत नीट ऐकू येत होतं. तिथे शामलाबाई गव्हाच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. मार्तंडरावांच्या थोरल्या भावाची ही विधवा, वैदेहीची मोठीआई. पोरीच्या वेण्या, डबे, रात्ररात्रभराचा ताप, सगळं तिनंच केलं, कारण पोरीच्या आईला, यमुताईंना, पहाटे उठायचा भारी कंटाळा. आज मात्र त्याच यमुताई लवकर उठून सांगून गेल्या होत्या, "जाऊबाई, हळद लागेपर्यंत भायेर येऊ नका बरं. पोरीचं शुभकार्य हाय."

शामलाबाईंना एकच गोष्ट हवी होती. वैदेहीच्या गालाला हळदीचं एक बोट.

तेवढ्यात मार्तंडराव मोबाईल घेऊन आत आले. नवऱ्याच्या वाट्याची संत्र्याची बाग शामलाबाईंच्या नावावर होती, म्हणून शेतकऱ्यांचा सरकारी हप्ताही त्यांच्याच नावानं यायचा. बँकेचं कार्ड तेवढं मार्तंडरावांच्या खिशात असायचं. आता हप्ता अडकला होता. मोबाईलला चेहरा दाखवून ओळख पटवायची होती आणि मुदत आजच संपत होती.

"वैनी, इकडे पाहा. हालू नका."

मोबाईलला काही दिसेना. खोलीत उजेडच नव्हता. मार्तंडरावांनी दोनदा पडदा सारला, मग वैतागून म्हणाले, "चला, भायेर या जरा."

आणि शामलाबाई थेट मांडवात येऊन उभ्या राहिल्या. बायकांचं नुकतंच सुरू झालेलं गाणं थांबलं. यमुताईंनी पदर तोंडाला लावला.

"आता डोळे मिटा अन् उघडा," मार्तंडराव म्हणाले.

शामलाबाईंनी डोळे मिटले. उघडलेच नाहीत.

"वैनी, उघडा ना."

"मले पोरीले हळद लावाची हाय, भाऊजी."

"आता काहून तमाशा करून राहिल्या, जाऊबाई?" यमुताई करवादल्या.

"सरकारले मायं तोंड चालते. तुमाले काहून चालत नाई?"

मार्तंडरावांनी घड्याळ पाहिलं, मोबाईल पाहिला आणि पटकन म्हणाले, "लावा, लावा. एक बोट लावा अन् हे करून टाका. यमे, वाटी दे त्याह्यले."

शामलाबाईंनी डोळे उघडले. हळदीची वाटी समोर आली. हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. त्यांनी पाटावर बसलेल्या वैदेहीकडे पाहिलं.

"तुले पाह्यजे का वं, बाई? तुया बापाच्या हप्त्यासाठी नाई. तुले?"

वैदेहीनं आईकडे पाहिलं. मग पाटाच्या कडेला नख घासत राहिली.

तिच्या उत्तरासाठी शामलाबाई किती वेळ उभ्या होत्या, ते तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. एकीनंही "ये" म्हटलं नाही.

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"वैनी, मोबाईल…"

"तुमचं तोंड दाखवा त्याले. शुभ हाय ना."

त्या मागच्या खोलीत परत गेल्या नाहीत. भरल्या मांडवातून, समोरच्या दारानं बाहेर पडल्या आणि बागेच्या वाटेला लागल्या, एकट्याच. घटकाभरानं गाणं पुन्हा सुरू झालं. बागेत ते ऐकू गेलं असेल.

वाचणाऱ्या ताई, काकू, आजी, उद्या तुमच्याही घरी हळद असेल. सगळ्या जमल्या की एकदा मागच्या खोलीचं दार उघडा. आत कुणी बसलेलं असेल, तर तुम्ही स्वतः "ये" म्हणा. नवरीच्या तोंडाकडे पाहत थांबू नका.